फादर थॉमस स्टीफन्स आणि आमच्या श्रद्धेचें मूळ

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण आपल्या पूर्वजांचें कृतज्ञतापूर्वक स्मरण करितों. ज्यांनीं आपल्या धर्मग्रामाची पायाभरणी केली त्यांचीं नांवें या स्मरणिकेंत इतरत्र येतीलच. मी मात्र अशा एका पूर्वजाचें चरित्र सांगणार आहें, जो या वरोरच्या किनाऱ्यापासून पुष्कळ दूर, गोव्याच्या साष्टी प्रांतांत राबला, परंतु ज्याच्या ऋणांतून मराठी बोलणारा एकहि ख्रिस्ती मनुष्य मुक्त नाहीं. ते म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथलिक राहणें हाच अपराध ठरूं लागला होता. मिस्सा चोरून होई. पुढें पुढें तर धर्मगुरु सांपडला कीं त्याला फांसावर जावें लागे. स्टीफन्स यांचा जिवलग मित्र थॉमस पाउंड पकडला गेला व त्यानें सुमारें तीस वर्षें तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स मात्र रोमला पोहोंचले आणि १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. तेथून हिंदुस्थानांत जाण्याची आज्ञा त्यांनीं मागून घेतली. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून त्यांचें गलबत निघालें आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या त्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं आपल्या वडिलांस पत्रानें कळविलें. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें. मायदेशाचें दर्शन त्यांना पुन्हां घडलें नाहीं.

१५८० सालीं गोव्यांत त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्याच वर्षीं त्याच शहरांत जें घडलें, तें सांगतांना मला धर्मगुरु या नात्यानें लाज वाटते. परंतु तें टाळून पुढें जाणें योग्य नव्हे. गार्सिया द ओर्ता हे गोव्यांतील नामांकित वैद्य होते. १५६३ सालीं छापलेला हिंदुस्थानांतील औषधींवरील त्यांचा ग्रंथ आजहि प्रसिद्ध आहे. मुंबईचें बेटहि एके काळीं त्यांच्याकडे खंडानें होतें. त्यांचे आईबाप यहुदी होते व पोर्तुगालांत त्यांना जुलमानें बाप्तिस्मा देण्यांत आला होता. ओर्ता १५६८ सालीं वारले. दुसऱ्याच वर्षीं धर्मन्यायसभेनें त्यांच्या बहिणीला गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळलें. आणि ४ डिसेंबर १५८० रोजीं स्वतः ओर्तांचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं. शब्बाथ पाळणें, डुकराचें मांस वर्ज्य करणें, असेच हे अपराध असत. बंधुभगिनींनो, प्रभु येशूनें आणि त्याच्या पवित्र मातेनें जन्मभर पाळलेले आचार ते हेच ना?

अशा काळांत फादर स्टीफन्स साष्टींत कामास लागले. तोहि प्रांत शांत नव्हता. पोर्तुगीजांनीं तेथील देवळें पाडलीं होतीं आणि लोकांचीं मनें दुखावलीं होतीं. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें फादर रुडोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे मृतदेह परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामीं फादर स्टीफन्स यांनीं खटपट केली. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच आदि इंग्रज व्यापारी गोव्याच्या बंदिशाळेंत पडले, तेव्हां त्यांना जामिनावर सोडविण्यासहि तेच धांवले.

मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, ते त्याच लोकांत राहिले. त्यांनीं लोकांची बोली शिकून घेतली. कोंकणीचें व्याकरण रचलें, कोंकणींत ख्रिस्ती धर्मशिक्षणाचें पुस्तक लिहिलें. हीं दोन्ही पुस्तकें त्यांच्या पश्चात्, अनुक्रमें १६४० व १६२२ सालीं, रायतूर येथें छापलीं गेलीं. मराठीचा तर त्यांनीं असा अभ्यास केला कीं, ओवीबद्ध काव्य रचतांना परक्याचा हात कोठें दिसूं नये.

त्यांच्या मुख्य ग्रंथाची हकीकत हृदयस्पर्शी आहे. साष्टींतील नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें त्यांच्याकडून काढून घेण्यांत आलीं होतीं. रिकाम्या वेळीं वाचावें, ऐकावें, गावें असें त्यांच्यापाशीं कांहींच उरलें नव्हतें. तेव्हां त्यांनीं आपल्या पाद्रींपाशीं नव्या धर्माचें पुराण मागितलें, अशी योजना ग्रंथाच्या आरंभीं आहे. ती मागणी मान्य करून फादर स्टीफन्स यांनीं अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यासहि ते कचरले नाहींत. १६१६ सालीं हा ग्रंथ रायतूर येथें रोमन लिपींत छापून प्रसिद्ध झाला.

आतां त्या ग्रंथाची मांडणी पहा. त्याचे दोन भाग आहेत. दुसरें पुराण प्रभु येशूच्या जीवनाचें. त्याचे एकूणसाठ अवस्वरु, म्हणजे अध्याय. परंतु त्याआधीं पहिलें पुराण येतें; त्याचे छत्तीस अवस्वरु आणि चार हजारांहून अधिक ओव्या. त्यांत सृष्टीची उत्पत्ति, आदामाचें पतन, नोहा, अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद आणि संदेष्टे यांच्या कथा आहेत. म्हणजे साष्टीच्या शेतकऱ्याला बेथलेहेमच्या गोठ्याशीं नेण्यापूर्वीं या कवीनें त्याला इस्राएलाच्या तंबूंतून चालविलें. मुळाशिवाय झाड दाखवितां येत नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें.

आणि त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर, धर्मन्यायसभेच्या परवानगीनें छापलेला, असा शेरा आहे! जी सभा अब्राहामाच्या वंशजांना जाळीत होती, तीच अब्राहामाची कथा गाण्यास मंजुरी देत होती. ही विसंगति त्या काळीं डोळ्यांवर आली नाहीं. फादर स्टीफन्स हेहि आपल्या काळाचेच पुत्र होते. त्यांना आपण आजच्या विचारांचे ठरवूं नये. त्यांचें थोरपण इतकेंच, आणि तें कांहीं थोडें नव्हे, कीं त्यांनीं सत्य जसेंच्या तसें लोकांच्या ओठीं ठेविलें. तें समजण्याची जबाबदारी पुढील पिढ्यांवर होती.

१६१९ सालीं ते प्रभुचरणीं विलीन झाले. त्यांच्यामागें त्यांच्या कार्याची उपेक्षाहि झाली. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा धरावी असें फर्मान काढलें. ‘ख्रिस्तपुराणा’च्या जुन्या छापील प्रति नाहींशा झाल्या, हस्तलिखितांवरून तो ग्रंथ १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हां छापला गेला. त्या मधल्या काळांत तो टिकला, तो भाविकांच्या जपणुकीमुळें.

पवित्र सभेला आपलें मूळ पुन्हां ओळखण्यास फार काळ लागला. १९५९ सालीं परमगुरुस्वामी तेविसावे योहान यांनीं शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेंतील यहुद्यांना लागणारा कठोर शब्द काढून टाकला. ४ डिसेंबर १९६३ रोजीं, म्हणजे ओर्तांचीं हाडें जाळलीं त्याच तारखेस, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेला स्थान दिलें. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं त्याच परिषदेनें सांगितलें कीं, प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादूं नये, आणि देवानें टाकलेले म्हणून त्यांना दाखवूं नये. जुन्या ऐनाचें नवें लेणें घडविण्यापूर्वीं ऐन धुवावें लागतें. सभेचें नूतनीकरण तें हेंच.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्याच कोंकणांत, अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास ज्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें अशी परंपरा आहे, ते बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आले. ते तेलाचा घाणा चालवीत, परंतु शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मोशे आणि योसेफ यांचीं कीर्तनें त्यांनींहि मराठींत केलीं. प्रभूच्या रक्ताचे नातेवाईक आमचे शेजारी होते, आणि आपल्यापैकीं किती जणांस तें ठाऊक आहे?

परिषदेनंतर रविवारच्या मिस्सेंत बहुधा जुन्या करारांतील वाचन पहिलें येतें व त्यामागून स्तोत्र गाइलें जातें. तें वाचन चालूं असतां पुष्कळ मंडळी अद्याप बाहेर अंगणांतच असतात. शुभवर्तमानाच्या वेळेस आलों म्हणजे झालें, अशी समजूत. सेमिनरींत असतां माझीहि समजूत फारशी निराळी नव्हती. जुना करार म्हणजे ओलांडून जावयाचा ओटा असें मला वाटे. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या पुराणानें ती घालविली. तसेंच आमच्या तालुक्यांत वारली आहे, मांगेली आहे. साष्टीच्या या पाद्रीप्रमाणें त्या बोलींत प्रभूची कथा सांगण्याचे कष्ट आपण किती घेतों, हेंहि महोत्सवाच्या वर्षीं स्वतःस विचारावें.

पुढील रविवारपासून पहिल्या वाचनापूर्वीं आपण सर्व आपापल्या जागीं असूं, एवढा लहानसा संकल्प मी सुचवितों. अब्राहामाच्या देवाचा आशीर्वाद आपल्या घरादारावर असो, हीच प्रार्थना.