फुकटच्या वाय-फायवर ‘कनेक्ट’ दाबण्याआधी : मार्कोनी यांची १९०३ मधली फजिती समजून घ्या

श्रीगोंदा : रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड किंवा हॉटेलात फुकटचे वाय-फाय दिसले की बोट आपोआप ‘कनेक्ट’वर जाते. त्यात धोका कुठे असतो, हे बिनतारी संदेशाचा व्यवसाय उभा करणाऱ्या गुलिएल्मो मार्कोनी यांच्या आयुष्यातून नीट कळते. त्यांच्या कामाचा एक धागा आपल्या शेजारच्या दौंडपर्यंत पोहोचला होता.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील जमीनदार, आई आयर्लंडमधील जेमसन या व्हिस्की उत्पादक घराण्यातली. विद्यापीठाची पदवी नव्हती. हर्ट्झ यांनी दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय लहरींवर त्यांनी घराच्या माळ्यावरच प्रयोग सुरू केले. १८९५ मध्ये संदेश टेकडीपलीकडे गेला. तो मिळाल्याची खूण म्हणून तिकडून बंदुकीचा बार काढण्यात आला. इटलीत पाठबळ मिळेना, म्हणून १८९६ मध्ये आईसोबत ते लंडनला गेले. तिथे पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी कंपनी काढली.

अडचण अशी होती, की हवा सगळ्यांची एकच. एकाच वेळी अनेकांनी संदेश पाठवले तर गोंधळ होणार. १९०० मध्ये त्यांनी ट्यूनिंगचे पेटंट घेतले. त्यात पाठवणारा आणि घेणारा एकाच फ्रिक्वेन्सीवर जुळवले जातात. आजचा राउटरही २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एक ‘चॅनल’ धरतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

१२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिक महासागर ओलांडून मोर्समधील ‘एस’ अक्षर ऐकू आल्याचे त्यांनी जाहीर केले. ते खरेच ऐकू आले का, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या वेळी वापरलेल्या ग्राहक उपकरणाची मूळ कल्पना जगदीशचंद्र बोस यांची होती, असेही काही अभ्यासक मानतात.

ट्यूनिंगमुळे संदेश खासगी राहतो, असा मार्कोनी यांचा दावा होता. तो जून १९०३ मध्ये उघडा पडला. दूरच्या कॉर्नवॉलमधून येणारा संदेश लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये श्रोत्यांसमोर पकडून दाखवायचा होता. कार्यक्रमाआधीच यंत्र टकटक करू लागले आणि मार्कोनी यांची टिंगल करणारा मजकूर उमटला. तो पाठवणारे नेव्हिल मॅस्केलिन हे जादूगार आणि बिनतारी तंत्राचे जाणकारही होते. नंतर त्यांनी हे उघडपणे कबूल केले. त्यांना त्या दाव्यातले छिद्र दाखवायचे होते.

चॅनल वेगळा आणि गुप्तता वेगळी. गुप्तता येते एन्क्रिप्शनमधून, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्यातून. वाय-फायच्या नावापुढे कुलपाचे चिन्ह नसेल, तर मोबाइल आणि राउटरमधला मजकूर बहुतेक वेळा उघड्यावर असतो. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर वेबसाइटपर्यंतचा मजकूर तरी बंद असतो. मात्र कोणती साइट उघडली, हे अनेकदा कळू शकते. नेटवर्कचे नाव, म्हणजे ‘एसएसआयडी’, ही नुसती पाटी असते. स्टेशनच्या नावाची पाटी कोणीही आपल्या हॉटस्पॉटवर लावू शकतो. जवळचा सिग्नल जोरात येतो आणि मोबाइल फसतो. मॅस्केलिन यांचा खेळ याच जातीचा होता. लॉगिनसाठी मोबाइल नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी मागितला जातो, इथवर ठीक. यूपीआय पिन किंवा कार्डाचा नंबर मागितला, तर ते पान लगेच बंद करावे.

फजितीने मार्कोनी थांबले नाहीत. १९०९ मध्ये ब्राऊन यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले, तेव्हा त्यांच्याच कंपनीच्या ऑपरेटरांनी धाडलेल्या संदेशांमुळे मदतीचे जहाज आले आणि सुमारे ७०० जण वाचले. पुढे कंपनीने लघुलहरींचे ‘बीम’ तंत्र विकसित केले. १९२७ मध्ये त्यावर भारत-ब्रिटन बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिची इकडची केंद्रे खडकी आणि दौंड येथे होती, एक संदेश पाठवायला आणि दुसरे घ्यायला. काष्टीहून भीमा ओलांडली की लागणारे हेच दौंड.

१९२३ मध्ये मार्कोनी फॅसिस्ट पक्षात गेले आणि मुसोलिनीच्या जवळचे झाले, हा डागही त्यांच्या नावावर आहे. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना आदरांजली म्हणून अनेक देशांतील रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटे प्रसारण बंद ठेवले.