भाभांची ‘अप्सरा’ आणि चुंबकाच्या पोटातला शोध

होमी भाभा म्हटले की अणुबॉम्ब आणि अणुवीज एवढेच बहुतेकांना आठवते. चुंबकत्वाशी त्यांचे नाव कुणी जोडत नाही; त्यांचा स्वतःचा विषय होता वैश्विक किरण. तरीही केसापेक्षा हजारो पटींनी पातळ थरांमधले चुंबकत्व आज मुंबईत मोजता येते, त्याची पायाभरणी त्यांनीच केली.

जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९चा. मुलाने केंब्रिजहून इंजिनिअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा. मुलाने इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केले आणि मग सरळ भौतिकशास्त्राची वाट धरली. १९३२ मध्ये केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला, तेव्हा भाभा त्याच विद्यापीठात होते.

हा कण मोठा गमतीचा. त्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे तो धातूत खोलवर शिरतो. पण तो स्वतः एक इवलासा चुंबक आहे. म्हणून अणूंचे चुंबकत्व त्याला जाणवते आणि त्यानुसार त्याची दिशा बदलते. १९४९ मध्ये अमेरिकेत क्लिफर्ड शल यांनी याच युक्तीने मँगनीज ऑक्साइडमधले अणुचुंबक एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून असल्याचे दाखवले. साध्या क्ष-किरणांना ही मांडणी दिसली नव्हती.

असे प्रयोग करायचे तर न्यूट्रॉनचा भरपूर झोत हवा, म्हणजेच अणुभट्टी हवी. १९३९ मध्ये सुट्टीवर आलेले भाभा महायुद्धामुळे भारतातच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली आणि पुढे ट्रॉम्बेचे केंद्र. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे ‘अप्सरा’ सुरू झाली. इंधन ब्रिटनचे, बांधणी आपली. पाण्याच्या हौदातला तिचा निळा प्रकाश पाहून नेहरूंनी हे नाव दिले. क्षमता जेमतेम १ मेगावॅट. तिच्यातून वीज मिळणार नव्हतीच, मिळणार होते न्यूट्रॉन. गरीब देशाने यावर पैसा घालावा का, हा प्रश्न गैर नव्हता. पण तयार यंत्रे विकत घेत राहिलो तर माणसे तयार होत नाहीत, हा भाभांचा हिशेब पक्का होता.

तरुण पी. के. अय्यंगार कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली न्यूट्रॉन प्रयोग शिकून आले, आणि मोजणीची उपकरणे ट्रॉम्बेतच बनू लागली. (ब्रॉकहाउस आणि शल यांना नोबेल मिळाले ते थेट १९९४ मध्ये!) १९६० मध्ये ४० मेगावॅटची ‘सायरस’ आली. न्यूट्रॉनचे झोत तिनेही दिले. १९७४च्या अणुचाचणीचे प्लुटोनियमही तिच्यातलेच. ही दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभा गेले. वय अवघे ५६.

१९८५ पासून ट्रॉम्बेत १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ चालते. एकाच दिशेने चुंबकित केलेले न्यूट्रॉन तिथे काही नॅनोमीटर जाडीच्या थरांवर अगदी तिरपे सोडतात. परावर्तित न्यूट्रॉन मोजले की चुंबकत्व कोणत्या खोलीवर किती आहे ते कळते. हार्ड डिस्कचे वाचन असल्याच थरांच्या जोरावर चालते. लोखंडाचे चुंबकत्व किती आणि शेजारच्या कोबाल्टचे किती, ही वाटणी मात्र सिंक्रोट्रॉनमधल्या क्ष-किरणांनी कळते; त्यांचा आपल्याकडचा स्रोत, ‘इंडस-२’, इंदूरला आहे.