आपल्या लेकीपाशी न थांबलेली आई

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. शेजारच्या खोलीत माझ्याच वयाचा एक मुलगा राहायचा. दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडलेला होता. पोलिओ. त्याच्या पायात लोखंडी पट्ट्यांचा, जाड बुटाला जोडलेला कॅलिपर असे. शाळा सुटल्यावर तो जिना चढू लागला की पायरीपायरीवर त्या लोखंडाचा आवाज होई आणि तेवढ्यावरून माझी आई चहाचं आधण ठेवी. तो वर पोहोचेपर्यंत चहा उकळून होत असे.

त्याचे वडील गिरणीत पाळीवर. म्हणून त्याची आई त्याला हाजीअलीच्या मुलांच्या इस्पितळात घेऊन निघाली की हाताशी एक मुलगा हवा म्हणून मला सोबत नेई. वरळी नाक्यावरून बसचा प्रवास, एवढंच मला त्याचं अप्रूप. तिथे एका बाईंचं नाव फार आदरानं घेतलं जायचं. फातिमा इस्माईल. त्या मोठ्या डॉक्टर असाव्यात अशी माझी समजूत होती. त्या डॉक्टर नव्हत्या, हे कळायला मला नोकरी लागेपर्यंतचा काळ जावा लागला.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ चा, सोभानींच्या गिरणीमालक घराण्यातला. उमर सोभानी त्यांचे बंधू. ३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींनी परदेशी कपड्यांची होळी पेटवली, ती या उमर सोभानींच्याच गिरणीच्या आवारात. कापडाच्या धंद्यातल्या माणसानं असा विस्तव अंगणात लावून घ्यावा, याला छाती लागते. पुढे कापसाच्या बाजारात त्यांना मोठी खोट आली आणि १९२६ मध्ये ते अकाली वारले. घरातलं हे वारं बहिणीच्याही अंगात होतं. त्यांनी महिला परिषदेचं काम केलं आणि १९४२ च्या लढ्यात भूमिगतांना घरात आसरा दिला. (आमच्या वरळीच्या चाळींनाही त्या काळाचा एक डाग म्हणा, मान म्हणा, आहेच. तिसाच्या दशकात सत्याग्रहींना ठेवायला सरकारनं त्यांचाच तुरुंग केला होता.)

एवढ्यावर बाईंचं चरित्र संपलं असतं तर स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत एक नाव राहिलं असतं. पण चाळीसच्या दशकात त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला.

हा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर घाला घालतो. पाय जागेवर असतो, त्याला स्पर्शही कळतो, पण तो हलत नाही. त्या काळी अशा पायाला महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये नाहीतर फळ्यांत जखडून ठेवण्याची रीत होती. एलिझाबेथ केनी नावाच्या ऑस्ट्रेलियन परिचारिकेनं तिला आव्हान दिलं. गरम ओल्या लोकरीचे शेक द्यायचे आणि एकेक स्नायू हलवून त्याला पुन्हा कामाला शिकवायचं, ही तिची पद्धत. डॉक्टरमंडळींनी तिला बराच काळ जवळ केलं नाही.

फातिमाबाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणींकडे गेल्या. किणी हे अस्थिरोगांतलं मोठं नाव, कामाच्या रगाड्यात बुडालेले. बाई खनपटीला बसल्या आणि उपचार सुरू करवून घेतले. काही महिन्यांनी मुलगी सुधारू लागली, तेव्हा त्यांनी पुणं गाठलं. महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांना पुन्हा उभं करणारं लष्कराचं केंद्र तिथे होतं. तिथेही लेकीला दाखल करून घ्यायला लावलं. पोर चालू लागली.

इथे कुणीही आई थांबली असती, आणि तिला कुणी नावं ठेवली नसती. माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे मला आधी हिशेबच दिसतो. मद्रासचे महिने, पुण्याचे महिने, गाडीभाडं, राहणं, मोठ्या लोकांच्या ओळखी. परळच्या गिरणीकामगाराच्या बायकोनं यातलं काय आणायचं आणि कुठून? हाच हिशेब फातिमाबाईंनी मांडला असावा. कारण पुढची चाळीस वर्षं त्यांनी घालवली ती अशा बायकांच्या मुलांसाठी.

१९४७ मध्ये त्यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. जागा कुठली? तर नामवंत शल्यविशारद डॉ. बाळिगा यांनी चौपाटीजवळचे आपले तपासणीचे कक्ष सकाळच्या वेळी वापरायला दिले. त्यातून संस्था उभी राहिली, तिचं हाजीअलीचं इस्पितळ झालं. १९५५ मध्ये त्याच परिसरात पुनर्वसनाची केंद्रीय संस्थाही आली. बाईंच्या संस्थेच्या नावात मुलांसाठी जो इंग्रजी शब्द होता, तो आज कुणी उच्चारणार नाही. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे राज्यसभेवर नेमणूक झाली, १९८७ मध्ये त्या गेल्या.

पोलिओच्या पायाला रोज व्यायाम लागतो, तोही महिनोन्‌महिने, आणि मूल रडत असताना. इतका वेळ कुठल्याच डॉक्टरकडे नसतो. आईला शिकवावं लागतं, आणि आई दमली की दुसरं कुणीतरी लागतं. याची चव मला कॉलेजात मिळाली. राष्ट्रीय सेवा योजनेतून आम्ही काही मुलं अपंग मुलांच्या शिबिरात दहा दिवस स्वयंसेवक होतो. पहिल्या दिवशी मी एका मुलाला उचलून थेट नळावर नेऊन ठेवलं. तो इतका चिडला की दिवसभर बोलला नाही. त्याला कुबड्या हातात द्यायच्या होत्या आणि बाजूला उभं राहायचं होतं, बस्स. चाळीतल्या मित्राबरोबर इतकी वर्षं काढूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण त्यानं मला कधी उचलू दिलंच नव्हतं. त्या दहा दिवसांत मी काय सेवा केली असेल ती असो, वाट बघायला मात्र शिकलो.

पुढे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार आले. आमच्या मंडळाची पोरं गणपतीच्या मांडवातल्या खुर्च्या टाकून बूथवर बसायची आणि माझा मित्र मजल्यामजल्यावरची लहान मुलं आठवणीनं खाली पाठवायचा. १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. हाजीअलीला आता त्याच संस्थेचं मुलांचं नवं, मोठं रुग्णालय उभं आहे.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ भाडेकरूंना नव्या इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. माझा मित्र त्यांत होता. साठी ओलांडल्यावर त्याचा दुसरा, चांगला पायही कुरकुर करू लागला आहे. मी घर बघायला गेलो तर तो मला आधी घरात नेईना. लिफ्टमध्ये उभं करून त्यानं अगदी वरच्या मजल्याचं बटण दाबलं, वर जाऊन आलो, आणि मग त्याच्या मजल्यावर उतरलो. वहिनींनी तोवर चहा गाळून ठेवला होता.