पळपुटा म्हणण्यापूर्वी

मनमाडहून गाडी दौंडकडे निघाली की अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात. एप्रिल १८१८ मध्ये ते लढाईविना इंग्रजांच्या हाती गेले. धनी तेव्हा मुलूखभर पळत होता. दुसऱ्या बाजीरावाला पळपुटा म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याचे बालपण कोण पाहतो? जन्म १७७५ चा, धारचा. वडील राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावी वारले आणि हे पोर नाना फडणविसांच्या नजरकैदेत वाढले. आधी नाशिकजवळ आनंदवल्लीला, मग जुन्नरला. स्वतःचे काही ठरवायची मुभाच नाही. एकविसाव्या वर्षी एकदम पेशवाई! १८०२ मध्ये वसईचा तह केला आणि आतून शिंदे-भोसल्यांना त्याविरुद्ध चिथावले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीवर फौज उभी, स्वतः पर्वतीवर. ऐनवेळी बापू गोखल्यांना निरोप, पहिली तोफ आपली नको. गोखले थांबले नाहीत.

गेलेल्या माणसाचे निदान करू नये. तरी निर्णयाच्या धास्तीने जगणेच अडते, तेव्हा मागे अनेकदा चिंताविकार, नैराश्य किंवा मंत्रचळ असतो आणि आज त्यावर उपचार आहेत. घरात अशा माणसाला आपण सरळ भित्रा ठरवतो.

३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन बिठूरला १८५१ पर्यंत जगला. तिथे राज्याचे काही ठरवायचे उरलेच नव्हते.