मुळीचं माप घेणारे डॉ. रुस्तम जाल वकील

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या यवतमाळात तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी ना कुणी बीपीची गोळी घेतच असेल. या गोळ्यांचा धडा शिकवताना मुंबईच्या डॉ. वकिलांची ओळख मुलांना जरूर करून द्या.

त्यांचा जन्म 1911 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वैद्यकीय शिक्षण लंडनला झालं. परत आल्यावर ते केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांना तपासू लागले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचं औषध जवळजवळ नव्हतंच.

सर्पगंधेची मुळी मात्र आपल्याकडे जुनीच. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलंही होतं. मग वकिलांनी वेगळं काय केलं? त्यांनी 50 रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला, आकडे मांडले आणि 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. बस, तेवढंच! पण ते वाचून अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी ही मुळी वापरून पाहिली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. आमच्याकडे हे सगळं आधीच होतं, असं आपण वर्गात सहज बोलून जातो. होतं, खरंच होतं. पण मोजलेलं नव्हतं.

आता ते काम कसं करतं, हे मुलांना टपालाच्या उदाहरणाने सांगा. नसांच्या टोकांशी बारीक पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रेनलिन भरलेलं असतं. ते बाहेर पडलं की रक्तवाहिन्या आवळतात. रेसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही. पोस्टमनची झोळीच रिकामी, तर पत्र कुठून येणार?

दुसरा उपाय म्हणजे पत्र येऊ द्यायचं, पण पेटीचं तोंड बंद करायचं. या पेट्या म्हणजे रिसेप्टर. त्या दोन प्रकारच्या, अल्फा आणि बीटा, असं अमेरिकेच्या अ‍ॅलक्विस्ट यांनी 1948 मध्ये मांडलं. बीटा बंद करणारं प्रोप्रानोलॉल 1960 च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी आणलं. अल्फा बंद करणारं प्राझोसिन महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर वापरलं. वावरात विंचू निघतो त्या गावच्या मुलांना हे पटकन समजतं, बरं का!

रेसर्पिनचे दोषही सांगायला हवेत. नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काहींचं मन फार खचायचं. म्हणून आज ते मागे पडलं. आणि पालकहो, कुणी सर्पगंधेची मुळी आणून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. चालू असलेली बीटा गोळीही मनानं एकदम सोडू नका, हृदयाचा त्रास उफाळू शकतो. दम्याच्या माणसाला तर प्रोप्रानोलॉल चालतच नाही.

वकिलांना 1957 मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. 1974 मध्ये ते गेले. भारतीय डॉक्टरांच्या संघटनेसाठी त्यांनी संपादित केलेल्या वैद्यकाच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या त्यांच्यानंतरही निघत राहिल्या.