रुपयाचा प्रश्न आणि बाबासाहेब

घटनेचे शिल्पकार आणि धम्मक्रांतीचे प्रवर्तक ही परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची रूपे आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. परंतु त्यांच्या तारुण्यातील दहा वर्षे प्रामुख्याने अर्थशास्त्राच्या संशोधनात गेली, हे क्वचितच सांगितले जाते. त्या दहा वर्षांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सरकारी जमाखर्चाच्या इतिहासाचा अभ्यास केला. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान घेऊन निघालेली बोट युद्धात बुडाली आणि जमविलेली ग्रंथसंपदा नष्ट झाली. बडोद्यात तर या विद्वानाला जातीमुळे राहावयास जागा मिळाली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

त्याच वर्षी भारतीय चलनावर मोठे संकट ओढवले होते. सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरविला, तो टिकविण्यासाठी लंडनमधील पौंड तोट्यात विकले, तरीही भाव कोसळला. बाबासाहेबांनी या रोगाचे मूळ शोधले. चांदी स्वस्त झाल्याने सरकारने १८९३ मध्ये टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या. मात्र स्वतः रुपये पाडण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवला. पुढे रुपयाची सांगड सोन्याशी परदेशी देण्याघेण्यापुरतीच राहिली. केन्स यांच्यासारखे ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञ या पद्धतीचे समर्थक होते. तरुण भीमरावांनी त्यांच्याशी मतभेद नोंदविला. रुपये किती पाडावेत याला बंधन नसेल, तर भाव चढतात आणि चलनाची क्रयशक्ती राज्यकर्त्यांच्या मर्जीवर राहते, असे त्यांनी दाखविले. टांकसाळ सरकारलाही बंद करावी, रुपयांच्या संख्येला कायमची मर्यादा घालावी आणि सोन्याचे नाणे चालू करावे, हा त्यांचा उपाय होता.

या विवेचनाच्या मुळाशी श्रमिकांची चिंता होती. रुपया स्वस्त झाला की निर्यातदार व कारखानदार सुखावतात. पण वस्तूंचे भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून, तीही अपुरी वाढते. राष्ट्राचा म्हणून मिरविला जाणारा तो नफा वस्तुतः मजुराच्या ताटातून काढलेला असतो, हे त्यांनी ओळखले होते.

ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केलेला हा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. बाबासाहेबांनी तो मुंबईहून पुन्हा पाठविला आणि १९२३ च्या अखेरीस त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. प्रा. कॅनन यांना त्यातील सर्व मते मान्य नव्हती, तरीही त्यांनीच प्रस्तावना लिहिली.

डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ही बँक केवळ बाबासाहेबांच्या ग्रंथावर उभी राहिली, असे आपल्या व्यासपीठांवरून सांगितले जाते. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हांस येथे सावध राहावेसे वाटते. त्या शिफारशीमागे अनेकांचे विचार होते, आणि सोन्याच्या नाण्याची बाबासाहेबांची सूचना आयोगाने स्वीकारली नव्हती. एका अस्पृश्य तरुणाने साम्राज्याच्या चलननीतीचा पुराव्यानिशी प्रतिवाद केला आणि शाही आयोगाला त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले, एवढे सत्यही पुरेसे थोर आहे. ज्यांनी पुराव्यावाचून काही मानले नाही, त्यांचा गौरवही पुराव्यानेच व्हावा.

१९४७ मध्ये हा ग्रंथ भारतीय चलन व बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून पुन्हा निघाला. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात येणार होता. घटनानिर्मिती आणि धम्मकार्याच्या व्यापात तो प्रकाशित झाला नाही आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. या वसतिगृहातील दिव्याखाली बसून वाचणाऱ्या एखाद्या मुलीने वा मुलाने त्या राहिलेल्या खंडाचे काम हाती घ्यावे, हीच आमची मनीषा. महामानवास विनम्र अभिवादन!