कापसाचं मशीन शोधलं, पेटंटही मिळालं. पण कायद्यातल्या एका ‘आणि’ने एली व्हिटनीला दहा वर्षं कोर्टात फिरवलं

कापसाच्या दिवसात विदर्भात किंवा खानदेशात गेलात, तर जिनिंगसमोर गाड्यांची रांग दिसते. यातलं ‘जिन’ म्हणजे ‘इंजिन’ या शब्दाचाच उरलेला तुकडा. कापसातून सरकी वेगळी करणारं मशीन. हाताने फिरवायची चरखी आपल्याकडे शेकडो वर्षांपासून होती. पण जिन म्हटलं की जगाच्या पुस्तकांत नाव येतं ते अमेरिकेच्या एली व्हिटनीचं.

त्याने मशीन कसं बनवलं हे शाळेत शिकवतात. त्या मशीनचं पेटंट वाचवताना त्याचं काय झालं, ते फारसं कोणी सांगत नाही.

व्हिटनीचा जन्म 1765 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्याच्या घरातला. पोरवयातच खिळे बनवून विकायचा. 1792 मध्ये येल कॉलेजातून बाहेर पडला आणि शिकवणीची नोकरी धरायला दक्षिणेत निघाला. नोकरी राहिली बाजूला, तो थांबला जॉर्जियात कॅथरीन ग्रीन या जनरलच्या विधवेच्या मळ्यावर. तिथे मळेवाल्यांचं एकच रडगाणं होतं. त्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला चिकटून बसायची. चरखीतून ती निघत नसे आणि हाताने दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई साफ व्हायची.

व्हिटनीने लाकडी रूळावर तारांचे दात बसवले. दात रुई ओढून घेणार, बारीक फटींतून सरकी जाणार नाही, मागून ब्रश रुई झाडून काढणार. बस्स. दिवसाला 50 पौंड.

1793 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज थॉमस जेफरसनकडे पाठवला. तेव्हा हे काम परराष्ट्रमंत्री पाहायचा. मार्च 1794 मध्ये पेटंट हातात पडलं, मुदत 14 वर्षं. (आज भारतात ती 20 वर्षं आहे.)

इथे व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनिअस मिलर यांनी एक चूक केली, असं मला वाटतं. त्यांनी मशीन विकलंच नाही. कापूस आमच्याकडे आणा, आम्ही साफ करून देतो आणि मोबदल्यात पाचातला दोन हिस्से घेतो, असा त्यांचा हिशेब. मळेवाले भडकले. मशीन इतकं सोपं होतं की एकदा पाहिलं की गावचा लोहारही बनवू शकेल. त्यात 1795 मध्ये व्हिटनीचा कारखाना जळाला. मशीनं कमी, कापूस अमाप. गल्लोगल्ली नकला निघाल्या.

कायदाही पोकळ होता. 1793 च्या कायद्यात अर्जाची तपासणीच नव्हती, फी भरा आणि पेटंट घ्या. 1796 मध्ये हॉजन होम्सने तारांऐवजी लोखंडी करवतीची चकती लावली आणि स्वतःचं वेगळं पेटंट घेतलं! खरं कोणाचं, ते कोर्टाने ठरवायचं.

आणि कोर्टात आडवा आला तो ‘आणि’. जो मशीन बनवेल ‘आणि’ वापरेल तो दोषी, असं कलमाचं शब्दांकन होतं. नकलवाल्यांचा युक्तिवाद सरळ: आम्ही फक्त वापरलं, बनवलं दुसऱ्याने. 1797 मध्ये जॉर्जियात व्हिटनी पहिला खटला हरला. ज्युरीत बसणारे लोकही त्याच भागातले, कापसावर जगणारे.

1800 मध्ये संसदेने कलम दुरुस्त केलं. नुसतं वापरणंही गुन्हा ठरलं. साउथ कॅरोलायना राज्याने 1801 मध्ये 50,000 डॉलरला हक्क विकत घ्यायचं कबूल केलं, थोडे पैसे दिले, मग हात आखडता घेऊन दिलेलेही परत मागायला कोर्टात गेलं. 1804 मध्ये ते पुन्हा शब्दाला जागलं. नॉर्थ कॅरोलायनाने जिनच्या प्रत्येक करवतीमागे कर लावून पैसे दिले. मिलर मात्र 1803 मध्येच वारला.

जॉर्जियात निकाल व्हिटनीच्या बाजूने लागला तो 1807 मध्ये. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. 1812 मध्ये त्याने मुदतवाढ मागितली, ती संसदेने नाकारली.

या काळात मशीन थांबलं नव्हतं. कापूस पसरला तशी गुलामांची मागणी वाढली. 1790 मध्ये अमेरिकेत सुमारे 7 लाख गुलाम होते, 1850 पर्यंत ते 32 लाख झाले. मशीनच्या नफ्यावर वर्षानुवर्षं भांडणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या हिशेबात हे लोक नव्हते.

व्हिटनीला पैसा मिळाला तो बंदुकांतून. 1798 मध्ये सरकारने त्याला 10,000 बंदुकांचं कंत्राट दिलं. दोन वर्षांत द्यायच्या बंदुका त्याने 1809 पर्यंत दिल्या, पण कारखाना उभा राहिला. तिथे धातू कापायचं नवं मशीनही वापरात आलं. 1825 मध्ये व्हिटनी गेला. त्या मशीनचं पेटंट त्याने घेतलं नव्हतं.